अर्जांतील रिकामा रकाना

अर्ज लिहिणें ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती तरुणपणींच शिकून ठेवावी लागते, ही गोष्ट आम्हांस वयाच्या ५५ व्या वर्षीं कळली. तोंपर्यंत आम्हीं आयुष्यांत एकच अर्ज लिहिला होता, आणि तो १९८४ सालचा. पुण्यांतील एका छापखान्यांत उमेदवार पाहिजे असल्याचें ऐकून आम्ही तेथें गेलों. मालकांनीं वहीचें एक पान फाडून दिलें. त्यावर 'विनंतिअर्ज' असा मथळा घालून आम्हीं नांव, गांव, वय, शिक्षण आणि "संधि दिल्यास कामांत कसूर करणार नाहीं" एवढें एक वाक्य लिहिलें. त्या वाक्यावर तेहतीस वर्षें निघालीं. २०१७ सालीं छापखाना बंद झाला, यंत्रें भंगाराच्या भावानें गेलीं, आणि मुद्रितशोधक म्हणून तेथें बसलेले आम्ही घरीं आलों.

काम गेल्यावर पहिले कांहीं महिने माणूस स्वतःची समजूत घालण्यांत घालवितो. तो दुपारीं झोप काढतो, कपाटें आवरतो, जुन्या स्नेह्यांकडे जातो आणि आपण सहज आलों असें त्यांस सांगतो. पुढें शिल्लक आटूं लागते. घरांत कोणी कांहीं बोलत नाहीं. पण दुधाचा रतीब एक लिटरावरून अर्ध्यावर आलेला असतो आणि तें आपल्याला चहाच्या रंगावरून कळतें. त्या सुमारास आम्हीं दुसरा अर्ज लिहावयास घेतला.

हा अर्ज छापील होता. नांव, जन्मतारीख, शिक्षण हे रकाने आम्हीं भराभर भरले. नंतर एक रकाना आला : 'आपल्या अंगीं असलेलीं कौशल्यें.' त्याखालीं पांच ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. ज्यानें तेहतीस वर्षें दुसऱ्यांच्या मजकुरांतले गळलेले शब्द भरून दिले, त्याला स्वतःच्या पांच ओळी भरतां येईनात! अर्धा तास डोकें खाजवून आम्हीं लिहिलें, "मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ." एका ओळींत काम भागलें, उरलेल्या चार तशाच राहिल्या.

मुलाखतीचें बोलावणें मात्र आलें. एका कचेरींत कागदपत्रांची नोंद ठेवण्याची ती जागा होती. समोर बसलेल्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या असाव्या. त्यांनीं अर्ज वाचला आणि अत्यंत सभ्यपणें विचारलें, "मेहनती म्हणजे आपण काय करतां? एखादं उदाहरण सांगाल का?" आम्ही गप्प. त्यांनीं आम्हांस सांवरण्यासाठीं पुढच्या शब्दाकडे बोट नेलें. पण प्रामाणिकपणाचें उदाहरण द्यावें तर आजवर चोरी केली नाहीं एवढेंच सांगतां येतें, आणि तें कोणीहि सांगतो, चोरसुद्धां. जिना उतरतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, तीं चारहि विशेषणें एखाद्या चांगल्या बैलाविषयीं जशींच्या तशीं लिहितां आलीं असतीं. ती जागा आम्हांस मिळाली नाहीं आणि त्यांत अन्याय झाला असें आम्हांस अजूनहि वाटत नाहीं.

२०१८ च्या जुलैंत शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलगा एक निमंत्रणपत्रिका घेऊन आला. त्याच्या वडिलांची साठीशांत होती. तो संगणकाच्या कंपनींत नोकरीला. पत्रिका त्यानेंच यंत्रावर जुळविली होती आणि ती दिसतहि सुरेख होती. "काका, छापायला टाकतोंय. एकदां नजर टाका," तो म्हणाला. आम्हीं नजर टाकली आणि म्हटलें, "अरे, रविवार, ११ ऑगस्ट असें लिहिलें आहेस. ११ ला शनिवार आहे. शिवाय त्या दिवशीं आषाढाची अमावास्या. गटारीच्या दिवशीं शांत कोण करतें?" कार्यालयाची पावती काढून पाहिली तेव्हां खरी तारीख १२ निघाली. त्याच ओघांत आम्हीं 'आशिर्वाद' चा 'आशीर्वाद' केला आणि कार्यालयाच्या दूरध्वनीच्या क्रमांकांत एक आंकडा कमी आहे तोहि दाखविला. पत्रिका तीनशें छापावयाच्या होत्या. मुलगा आमच्याकडे पाहतच राहिला.

"काका, अर्धं मिनिटसुद्धां लागलं नाहीं तुम्हांला. हें करतां कसं?"

"करावयाचें काय त्यांत? दिसतें."

"मला नाहीं दिसलं. आईला नाहीं दिसलं, बाबांना नाहीं दिसलं. आम्ही आठ दिवस बघतोंय."

'दिसतें' या आमच्या उत्तरांतच आमची सारी चूक होती. जें सहज दिसतें त्यास आम्हीं कधीं काम म्हटलें नव्हतें. मग कौशल्य कोठून म्हणणार? संस्कृत पंडित 'कुशल' या शब्दाची जी व्युत्पत्ति सांगतात ती प्रसिद्ध आहे. कुश म्हणजे दर्भ. दर्भ तोडून आणणारा तो कुशल. दर्भाचें पातें धारेचें असतें. नवशिक्याचें बोट कापतें, जाणत्याचें कापत नाहीं. मम्मटानें काव्यप्रकाशांत लक्षणेचें उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे, म्हणजे दर्भाचा संबंध सुटून नुसत्या निपुण माणसास कुशल म्हणण्याची रूढि त्याच्या काळींच पक्की झाली होती. आम्हीं ही व्युत्पत्ति छापखान्यांत अनेकदां वाचली होती, तींतलें मुद्रणदोषहि काढले होते; पण तींतील खोंच त्या दिवशीं कळली. ज्याचें बोट कापत नाहीं त्याला दर्भाला धार आहे हेंच आठवत नाहीं. तें पाहणाऱ्याच्या ध्यानांत राहतें.

त्या मुलाच्याच सांगण्यावरून आम्हीं एक दोनशेंपानी वही घातली. त्याचा सल्ला असा कीं, "काका, तुम्हांला काय येतं तें लिहूं नका. लोक तुमच्याकडे काय घेऊन येतात तें लिहा." मुलगा पोरसवदा, पण हा सल्ला आम्हांस कोणत्याहि मार्गदर्शकाच्या व्याख्यानापेक्षां मोलाचा वाटतो. महिनाभर आम्हीं तारीखवार टिपत गेलों : कोण आलें, काय घेऊन आलें, किती वेळ लागला, आणि आपण कोठें अडलों.

गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांनीं वार्षिक सभेची नोटीस दाखविली. वरच्या मजल्यावरील एका बाईंनीं भाडेकराराचा मसुदा आणला. त्यांत अनामत रक्कम अंकांत पन्नास हजार आणि अक्षरांत पंधरा हजार होती, आणि सही करण्यास त्या दुसऱ्याच दिवशीं निघाल्या होत्या. एका गृहस्थांनीं आपल्या आजोबांचीं पत्रें आणलीं. अक्षर देवनागरी, भाषा मराठी, पण त्यांना तीं वाचतां येईनात. आम्हीं वाचून दाखविलीं तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यांच्याच गठ्ठ्यांतील चार पत्रें मोडींत होतीं, तीं मुकाट्यानें परत केलीं; 'कोठें अडलों' या सदरांत तीं गेलीं. त्या सदरांत सर्वांत जास्त वेळां आलेला शब्द मात्र 'संगणक' हा होता. लोक म्हणत, "खुणा कशाला, यंत्रावरच दुरुस्त करून द्या ना," आणि तेथें आमचे हात टेकत. उलट, साऱ्या महिन्यांत कोणाचें भांडण मिटविण्यासाठीं किंवा चार माणसें जमवून कांहीं घडवून आणण्यासाठीं आमच्याकडे एकहि मनुष्य आला नाहीं. तेव्हां 'मनमिळाऊ' हा शब्द वजा करणें प्राप्तच झालें. सौ. स हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "अहो, तो शब्द तुम्हीं लिहिलात तेव्हांच मी सांगणार होतें."

वही भरत आली तसतशीं विशेषणें गळूं लागलीं आणि त्यांच्या जागीं क्रियापदें आलीं. मजकुरांतील तारखा, वार, रकमा व नांवें परस्परांशीं पडताळून पाहतों. संशय आल्यास अंदाजानें दुरुस्त न करतां विचारतों. १९६२ च्या पूर्वींचें आणि नंतरचें, दोन्ही वळणांचें मराठी लेखन वाचून शुद्ध करूं शकतों. या शेवटच्या वाक्याचा थोडा खुलासा हवा. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनानें १९६२ सालीं मान्य केले, १९७२ सालीं त्यांत आणखी चारांची भर पडली. आणि जे अनुस्वार उच्चारांत नव्हते ते लेखनांतूनहि गेले. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या निघत तेव्हां एकेक टिंब काढीत बसणें हें आमचें वर्षानुवर्षांचें काम. टिंब काढावयाचें तर तें मुळांत तेथें कां होतें हें ठाऊक असावें लागतें; नाहीं तर 'नांव' चें 'नाव' होतां होतां 'गांधी' चे 'गाधी' होतात. दुसऱ्यांचीं टिंबें जन्मभर काढल्याचें प्रायश्चित्त म्हणून आम्ही स्वतः लिहितांना तीं सर्व देतों. संपादकांनीं या लेखापुरती ती हौस पुरवावी.

आपल्या रोजच्या राबण्यांत विद्या आहे हें न दिसणें हा आमच्या एकट्याचाच दोष नव्हे. मुंबईच्या गिरणगांवांत ज्या बाया खाणावळी चालवीत, त्यांना कोणी विचारलें असतें कीं तुम्हांला काय येतें, तर बहुधा "काय यायचंय, चार भाकऱ्या थापतों" असेंच उत्तर मिळालें असतें. प्रत्यक्षांत गांवाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना त्यांच्या पाळ्या सांभाळून दोन वेळां जेवूं घालणें, वाण्याकडची उधारी आणि जेवणाऱ्यांकडची पगारापर्यंतची उधारी यांची तोंडीं सांगड घालणें, आणि पैसा कमी पडला तर सावकाराचें व्याज सोसूनहि दुसऱ्या दिवशींची चूल पेटती ठेवणें, एवढा सारा व्यवहार त्या 'चार भाकऱ्यां'त होता. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलें आणि त्यांना बँकांचीं कर्जें मिळवून दिलीं. आम्हांस वाटतें, बँकेच्या कागदावर धंदा, आवक आणि खर्च हे रकाने भरले जात असतां त्यांतल्या कित्येकींना आपण धंदा करतों ही गोष्ट प्रथमच कळली असेल. आमच्या छपाईच्या व्यवसायांत जावजी दादाजी यांचें उदाहरण आहेच. शाळेचें शिक्षण बेताचें; लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं नोकरी; पण तेथें टंकांवर जी नजर बसली तिच्या बळावर त्यांनीं १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला, आणि पुढें निर्णयसागरी अक्षर म्हणजे सुबक अक्षर असें समीकरणच होऊन बसलें.

पण येथें एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. कौशल्य ओळखलें कीं काम मिळालेंच, असें जे सांगत फिरतात त्यांनीं गिरणगांवाकडेच पुन्हां एकदां पाहावें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. त्यांपैकीं हजारों लोक पुन्हां कधीं मागावर उभे राहिले नाहींत. त्यांच्या हातांत विद्या नव्हती असें कोण म्हणेल? विद्या होती, मागच उरला नाहीं.

आमच्या छापखान्यांत एक जुळारी, म्हणजे हल्लींच्या भाषेंत कंपोझिटर, होते. देवनागरीच्या खिळ्यांना शेंकडों घरें लागतात. हे गृहस्थ डोळे मजकुरावर ठेवून नेमका खिळा उचलीत, त्याच्या अंगावरील खांच बोटानें चांचपून तो उलटा कीं सुलटा तें ओळखीत, आणि शिशांत जुळलेलें पान आरशांतल्यासारखें उलटें असतांहि तुम्ही आम्ही वर्तमानपत्र वाचतों तसें वाचीत. आम्ही उमेदवार म्हणून पहिलें वर्षभर त्यांच्याच शेजारीं उभे होतों. पुढें संगणकावर जुळणी होऊं लागली, खिळे वितळले गेले, मालकांनीं त्यांना कागद मोजण्यावर ठेवलें. छापखाना मिटल्यावर ते एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी झाले. त्यांच्या बोटांतली ती विद्या अर्जाच्या कोणत्या ओळींत लिहावयाची, आणि लिहिली तरी वाचणार कोण, याचें उत्तर आम्हांस वहींत सांपडलें नाहीं.

आमचें नशीब एवढेंच कीं आमचें काम मेलें नव्हतें, त्यानें घर बदललें होतें. त्या नव्या घरांत शिरावयाचें तर संगणकाच्या कळा बडविणें भाग होतें. शेजारच्या मुलाची धाकटी बहीण दहावींत होती. तिनें आम्हांस इनस्क्रिप्टची मांडणी शिकविण्याचें पत्करलें. ही मांडणी भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं प्रमाण ठरविली. तींत डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें. 'क' च्याच कळीवर 'ख', 'त' च्याच कळीवर 'थ', 'प' च्याच कळीवर 'फ'. शाळेंत घोकलेली वर्णमाला इतक्या वर्षांनीं अशी कामास येईल असें वाटलें नव्हतें, आणि पहिल्या आठवड्यांत आम्ही थोडे चढूनहि गेलों. मग ऱ्हस्व वेलांटी आडवी आली. छापखान्याच्या जुळणींत ही वेलांटी आधीं आणि अक्षर मागून. 'किती' जुळवावयाचें तर हात पहिल्यानें वेलांटीच्या घराकडे जावयाचा. संगणकाला उच्चाराचा क्रम लागतो; आधीं 'क', मग वेलांटी. वाचावयास ही गोष्ट क्षुल्लक आहे. पण उमेदवारीच्या वर्षांत हातांत जें बसलें होतें आणि पुढें तीस वर्षें डोळ्यांनीं ज्यास दुजोरा दिला होता, तें काढून टाकतांना आमचा जीव मेटाकुटीस आला. दर्भ पुन्हां बोट कापूं लागला! ती मुलगी कधीं हंसली नाहीं. "काका, परत," एवढेंच म्हणे. चार महिन्यांनीं आम्ही मिनिटाला २५ शब्दांपर्यंत आलों. तिच्या मानानें हा वेग गोगलगाईचा होता. आमच्या मानानें नव्हता.

२०१९ च्या उन्हाळ्यांत जुने मराठी ग्रंथ संगणकावर आणणाऱ्या एका संस्थेला तपासनीस हवे असल्याचें कळलें. यंत्र पानाची प्रतिमा घेऊन तींतील अक्षरें ओळखतें. पण ओळखतांना 'घ' चा 'ध' करतें, 'भ' चा 'म' करतें, 'ख' फोडून 'रव' करतें आणि टिंबें तर खुशाल गिळतें. आम्हीं अर्ज केला. रकाना तोच होता. या वेळीं पांच ओळी पुरल्या नाहींत. मुलाखतींत प्रश्नहि तोच आला, "उदाहरण सांगाल?" आम्हीं भाडेकराराची हकीकत सांगितली. विचारणारे गृहस्थ हंसले आणि त्यांनीं स्वतःच्याच टेबलावरील एक कागद आमच्यापुढें सरकविला. त्यांतहि एक वार चुकला होता.

नंतर तासाभराची परीक्षा झाली. स्वातंत्र्यपूर्व काळांतल्या एका निबंधाचें पान समोर ठेवून यंत्रानें ओळखलेला मजकूर त्याबरहुकूम करावयाचा होता. आम्ही सहा उमेदवार. बाकीचे पांच तरुण. त्यांच्या कळांचा आवाज पावसासारखा, आमचा पागोळीसारखा. मागाहून कळलें तें असें : त्यांतल्या तिघांनीं पानावरचे सगळे अनुस्वार अशुद्ध समजून निष्ठेनें काढून टाकले होते. त्यांचा दोष काय? त्यांना शाळेंत तसेंच शिकविलें होतें. संस्थेला मात्र पान जसें छापलें होतें तसेंच हवें होतें, आणि यंत्रानें गिळलेलीं टिंबेंसुद्धां परत आणणारा उमेदवार एकच निघाला. जीं टिंबें काढण्यांत उमेद गेली तींच जागच्या जागीं परत ठेवण्याचें काम आम्हांस लागलें. पानागणिक दर ठरला. महिन्याचा हिशेब छापखान्याच्या पगाराच्या निम्म्याहून थोडा वर जातो. दुधाचा रतीब पुन्हां एक लिटराचा झाला.

गेल्या दिवाळींत आम्ही त्या जुळारी स्नेह्यांकडे फराळाचा डबा घेऊन गेलों. फाटकाशेजारच्या खोलींत ते बसले होते. मागें भिंतीवर फळी, तिच्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. एक बाई आल्या. स्नेह्यांनीं आमच्याशीं बोलतां बोलतां, मान न वळवितां, हात मागें नेला आणि नेमकी त्यांची किल्ली काढून दिली. त्या गेल्यावर आम्हीं पिशवींतून नवी दोनशेंपानी वही काढली आणि त्यांस विचारलें, "तुमच्याकडे लोक काय घेऊन येतात?"

ते हंसले. "किल्ल्या."

"आणखी?"

"चौथ्या मजल्यावरचे आजोबा औषधाच्या बाटल्या आणतात. अक्षर बारीक असतं, त्यांना दिसत नाहीं. मी वाचून दाखवतों. परवां बाटली उलटी होती, तशीच वाचली. तर त्यांची नात म्हणे, आजोबा, हे जादूगार आहेत."

"मग हें लिहूं का?"

"हें कसलं लिहितां? दिसतं तें वाचतों," ते म्हणाले. इतक्यांत फाटकाशीं मोटारीचा भोंगा वाजला आणि ते उठून गेले. ते परत येईपर्यंत आम्हीं पहिल्या पानावर तारीख घातली आणि किल्लीची व बाटलीची अशा दोन ओळी लिहिल्या.